झाडं जगली, पण टेकडी सावरली का? तुम्ही कसं मोजता?

टेकडीकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढलाच. त्र्यंबक रोडला आतल्या बाजूला एका उघड्याबोडक्या टेकडीवर आम्ही पंधरा-वीस जण आठ वर्षं दर रविवारी जातोय. खड्डे घेतले, रोपं लावली, उन्हाळ्यात खांद्यावर कॅन घेऊन पाणी घातलं, वणवा आत येऊ नये म्हणून दर डिसेंबरात जाळरेषा काढली. आता एक कंपनी पुढची तीन वर्षं खर्च उचलायला तयार झालीय, त्यांचं एकच म्हणणं, काम यशस्वी झालंय हे दाखवा. मग वह्या काढल्या, लावली किती जगली किती हिशोब केला, दहातली सात जगलीत. सगळे खूश, मीपण.

आणि गेल्या रविवारी खालच्या पाड्यावरचे एक बाबा शेळ्या घेऊन वर आले. बसले, पाणी प्यायले, सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "झाडं झाली रं, पण हितं पायाखालून लाव्हऱ्या उडायच्या, त्या कुठं गेल्या?" मला बोलताच येईना. आठ वर्षांत आम्ही झाडांशिवाय एक गोष्ट लिहून ठेवलेली नाही. इथे लाव्हऱ्या होत्या हेच मला माहीत नव्हतं. त्या आमच्यामुळे गेल्या का आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या, तेही सांगता येत नाही.

तर प्रश्न असा की एखादी जागा सावरतेय हे तुम्ही कशावरून ठरवता? झाडं मोजून भागत नसेल तर काय मोजायचं? आणि आमच्यासारख्या रविवारच्या लोकांना जमेल असं काही आहे का?

बारक्या
पहिला नंबर माझा. सतरंजी टाकून बसतोय, मिसळ कोण आणतंय?

थापट्या
चांगला विषय काढला. मी पक्ष्यांच्या बाजूने सांगतो. नांदूरमधमेश्वरला जानेवारीत पाणपक्षी मोजायला जातो, आशियाई पाणपक्षी गणना म्हणतात ती, १९८७ पासून चालू आहे. पहाटे थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन उभं राहायचं. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही, मग आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि असे किती तुकडे बसतात ते बघत जायचं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चमचे, नुसती यादी लिहिताना बोटं आखडतात.

सुरुवातीला मलाही वाटायचं की आकडा वाढला म्हणजे जिंकलो. मग एका वर्षी आकडा धाडकन पडला, आम्ही सगळे चेहरे पाडून घरी आलो, आणि नंतर कळलं की वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं होतं, पाणी चढलं, उथळ चिखल बुडाला आणि उथळात चरणारी बदकं आजूबाजूच्या तळ्यांवर पांगली. पक्षी होतेच, आमच्या समोर नव्हते. उलटंही होतं, दुष्काळाच्या वर्षी बाकीची तळी आटतात आणि जिथे पाणी उरतं तिथे गर्दी होते, आकडा फुगतो, आणि पेपरात येतं की पक्ष्यांची विक्रमी हजेरी. शिवाय यातली कितीतरी बदकं मध्य आशिया आणि सैबेरियाकडून येतात, तिकडे त्यांचा विणीचा हंगाम कसा गेला ते आपल्या हातात कुठंय. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर हसूही नका, रडूही नका. तीच जागा, तोच महिना, तेवढाच वेळ, तीच पद्धत, असं दहा वर्षं केलं की मग रेघ वर चाललीय का खाली ते दिसायला लागतं.

२०२० च्या जानेवारीत नांदूरमधमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. रामसरच्या निकषांत एक असा आहे की तिथे नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी असावेत. मला त्यातला 'नियमितपणे' शब्द आवडतो. एकदा आले होते याला किंमत नाही.

निफाडचा_द्राक्षवाला
थापट्याभाऊंशी सहमत पण माझा एक जुना प्रश्न आहे तो इथं टाकतो. आम्ही काठावरचे. शंभर-सव्वाशे वर्षांमागं इथं दलदल नव्हती, गोदावरी आणि कादवा वाहत्या होत्या. इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यात गाळ बसत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती आल्या आणि मग पक्षी आले. आता शेतकरी म्हणतो गाळ काढा, साठा कमी झालाय, आणि पक्षीवाले म्हणतात गाळ आहे म्हणून पक्षी आहेत. दोघांचंही खरं आहे. मग "पूर्ववत" म्हणजे कोणत्या सालासारखं करायचं ते आधी ठरवा ना. ते न ठरवता सावरलं का बिघडलं ते कसं सांगणार?

दुसरं, बिबट्या. आमच्याकडं बिबट्या दिसला की कोणीतरी लिहितंच की निसर्ग फुलतोय. अहो इथं ऊस फुलतोय. मादी उसात पिल्लं घालते, कुत्री-डुकरं खाते, ती उसातच लहानाची मोठी झालेली. जंगलाशी तिचा काय संबंध? एखादा प्राणी दिसला एवढ्यावर जागेचं प्रमाणपत्र देऊ नका.

बारक्या
बिबट्याच्या गणनेला मी घरून लॉगिन करतो.

निफाडचा_द्राक्षवाला
घरूनच कर भाऊ, आमच्याकडं रात्री पिकाला पाण्याची बारी द्यायला जाताना चौघं मिळून जातो.

कंदीलपुष्प
द्राक्षवाले दादांनी बरोबर नस पकडली. टेकडीकर, मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तुम्हाला आधी एक उलटा प्रश्न. तुमची टेकडी मुळात काय होती? कारण प्रत्येक बोडकी टेकडी म्हणजे मेलेलं जंगल नसतं. अंजनेरीच्या पठारावर उन्हाळ्यात जा, माणूस म्हणेल काय हा ओसाड कातळ, लावा झाडं. आणि पावसाळ्यात जा, त्याच पातळ मातीत, गवतात, सेरोपेजिया अंजनेरिका फुलतं, आपलं कंदीलपुष्प, त्या डोंगराच्या नावावरून नाव मिळालेलं. वर्षातले कितीतरी महिने ते फक्त जमिनीखाली कंदाच्या रूपात असतं, वरून काहीच दिसत नाही. तिथे कोणी खड्डे घेऊन गिरिपुष्प, म्हणजे ते परदेशी ग्लिरिसिडिया, लावलं तर काय होईल? गिरिपुष्प चिवट, शंभरातली नव्वद जगतील, अहवालात यश लिहिलं जाईल आणि त्याच खड्ड्यांत कंद संपलेले असतील. याची नोंद कोणत्याच रकान्यात नसते, म्हणून मला जगण्याच्या टक्केवारीची भीती वाटते.

लाव्हऱ्या गवतातला पक्षी. बाबांनी तुम्हाला तुमच्या टेकडीचा जुना फोटो काढून दिलाय असं समजा. तुम्ही कोणती झाडं लावलीत?

टेकडीकर
ताई, पहिली दोन वर्षं नर्सरीत जे मिळालं ते. गिरिपुष्प आणि सुबाभूळच जास्त. नंतर आम्हाला समज आली, मग बेहडा, शिवण, करंज, आपटा, काटेसावर, थोडे धावडे. धावड्याची रोपं मिळतच नाहीत. वरचा सपाट भाग खडकाळ आहे, तिथे गवत होतं हे आठवतं, आम्ही ते काढून खड्डे घेतले होते. हे लिहिताना पोटात खड्डा पडतोय खरंतर.

येवलेकर_माळरान
वाईट वाटून घेऊ नका, अख्ख्या राज्याने तेच केलं. २०१६ ला एका दिवसात दोन कोटी झाडं, २०१७ ला चार कोटी, मग १३ कोटी, मग २०१९ ला ३३ कोटी असं लक्ष्य चढत गेलं. सगळं मोजमाप लावलेल्या झाडांचं. आमच्याकडे ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे येऊन झाडं मोजली तर नापासच करावं लागेल, कारण माळच आहे तो! काळवीट उघड्यावर लांबून धोका बघतो आणि पळतो, त्याला झाडी कशाला हवी. पण कागदोपत्री माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे काहीतरी लावायला मोकळी जागा, ही समजूत काही जात नाही.

आमच्याकडचे म्हातारे गुराखी माळाची तब्येत गवतावरून सांगतात. मारवेल, शेडा ही गोडी गवतं, गुरं आधी तीच खातात. चराई जास्त झाली की ती जातात आणि कुसळी माजते. कुसळीच्या जागी परत मारवेल दिसायला लागलं की समजायचं माळ सुधारतोय. याला ना जीपीएस लागतं ना ड्रोन. फक्त गवत ओळखता यायला पाहिजे, आणि ते ओळखणारी माणसं कमी होत चाललीत ही खरी अडचण.

हिशोबनीस
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे अहवाल तपासायचं काम करतो. वाचून छान वाटलं पण थोडं स्पष्ट बोलतो. निधी देणाऱ्याला वर्षाच्या शेवटी आकडा लागतो. मारवेल परत आलं, बाबा म्हणाले, हे अहवालात कसं लिहिणार? किती रोपं, किती जगली, प्रत्येकाचा फोटो आणि लोकेशन, हे तपासता येतं, यात फसवणूक कमी होते. मी अशा जागा बघितल्यात जिथे कागदावर हजारो रोपं आणि जागेवर नुसते खड्डे. तिथे ही टक्केवारी मागितली म्हणूनच चोरी पकडली गेली. तेव्हा टक्केवारीला इतकं झोडपू नका. सगळंच मोजायला गेलात तर काहीच मोजलं जाणार नाही.

पंचवटीकर
हिशोबनीस साहेब, तुमच्या रकान्याचं काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. २०२५ च्या शेवटी साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा अख्खं नाशिक का रस्त्यावर आलं? एक तोडलं तर त्याबदल्यात इतकी लावू, हे गणित लोकांना पटेना. माझी आजी त्या झाडांच्या सावलीत बसलेली आहे. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा असतो, पोपट असतात, फांदीवर वटवाघळं, सालीत किडे, बुंध्याशी पन्नास वर्षांची माती. बदल्यात दहा रोपं लावली तर यातलं काय मिळालं? कागदावर मात्र नऊ झाडांचा फायदा!

हिशोबनीस
तपोवनाबद्दल माझंही मन तुमच्यासारखंच आहे. मी म्हणतोय ते एवढंच की टक्केवारी नको असेल तर त्या जागी दुसरं काहीतरी ठोस द्या. नुसतं "निसर्ग मोजता येत नाही" म्हणालात तर निधी दुसरीकडे जाईल.

हरसूलकर
साहेबांचा मुद्दा टाकून देण्यासारखा नाही. आमच्याकडचं उदाहरण देतो, गिधाडांचं. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांचं उपाहारगृह चालू केलं, म्हणजे मेलेली गुरं एका ठिकाणी आणून टाकायची. आता तिथे किती गिधाडं उतरली हा आकडा काढणं सोपं, फोटोही झकास येतो. पण तो आकडा म्हणजे काय? आयतं खाणं ठेवल्यावर लांबलांबची गिधाडं येणारच. गिधाडं वाढली, की एका ठिकाणी गोळा झाली? हे कळायला कड्यावरची घरटी मोजावी लागतात. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हिवाळ्यात खालून दुर्बीण लावायची, किती घरट्यांत जोडी बसलीय, मग किती पिल्लं दिसली, आणि उन्हाळा संपता संपता किती पिल्लं उडाली. उडालेली पिल्लं, तो खरा आकडा.

आणि घाई करून चालत नाही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. इतक्या खोल गेलेली गोष्ट तीन वर्षांच्या निधीत वर येणार आहे का? तीन वर्षांनी आकडा वाढला नाही म्हणून प्रकल्प नापास केला तर आपणच चुकलो.

मग मधल्या काळात काय बघायचं? तर कारण हटलं का ते. गिधाडं मेली डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, गुरांना टोचायचे, ते जनावर मेलं की गिधाडाच्या पोटात, आणि मूत्रपिंड निकामी. २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरत होते, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीच्या वर बाटली बंद केली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. त्यामुळे मी गिधाडं मोजतो तसं औषधाच्या दुकानात जाऊन गुरांसाठी काय देता हेही विचारतो. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध मिळालं की बरं वाटतं. साहेब, हा आकडा तुमच्या रकान्यात बसेल बघा, दहा दुकानांपैकी किती.

हिशोबनीस
बसेल. हे मला पटलं. असा विचार केला नव्हता.

गोदाकाठ
सगळं वाचतोय. माझं वय ६८, घर जुन्या नाशकात. हरसूलकरांनी कारण हटलं का म्हणून विचारलं ते नदीला तंतोतंत लागू आहे. पानवेली काढायला यंत्र उतरतं, आठ दिवस पाणी मोकळं दिसतं, फोटो येतात, नदी स्वच्छ. पानवेली हा ताप आहे हो, रोग सांडपाण्याचा. सांडपाण्यातलं खत बंद झालं नाही तोवर ती परत येणारच. काढलेल्या पानवेलींचे किती ट्रॅक्टर भरले हे मोजण्यापेक्षा किती नाले नदीत उघडे पडतात ते मोजा आणि दर वर्षी तो आकडा कमी होतोय का बघा.

पाण्याचे निकष आहेतच, अंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू ५ च्या वर पाहिजे. पण ते सकाळी एका घाटावरून बाटली भरली त्या क्षणाचं पाणी. त्याच रात्री नाल्यातून काय आलं ते बाटलीला माहीत नसतं. नदीत राहणाऱ्या जिवाला माहीत असतं. दगड उलटा करून बघा, सोमेश्वरच्या वर आणि शहराच्या खाली. स्वच्छ वाहत्या पाण्यात दगडाखाली मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं चिकटलेली असतात, तीन शेपट्यांची. घाण पाण्यात ती टिकत नाहीत, तिथे तांबडे किडे वळवळतात.

आणि आणखी एक, मोठं दुखणं. माझा नातू म्हणतो, आजोबा आज नदी चांगली दिसतेय. त्याच्या मानाने चांगलीच आहे, त्याने पाच वर्षांपूर्वीची बघितलीय. मी लहानपणी तळातली वाळू बघितलीय. माझे वडील सांगायचे ते मला तेव्हा खोटं वाटायचं. डॅनियल पॉली नावाच्या मासे अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हेच लिहून ठेवलंय, प्रत्येक पिढी आपण लहानपणी बघितलं तेच मूळ समजते आणि घसरण कोणाच्या लक्षातच येत नाही. ओळखीच्या एका मासेमाराला मी विचारलं जाळ्यात काय येतं, तर म्हणाला चिलापी. आणखी? चिलापीच. त्याचा बाप माशांची नावं घ्यायला लागला तर बोटं पुरायची नाहीत.

खडू_फळा
गोदाकाठकाका, तुमची ही पोस्ट मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

थापट्या
काका, नदीवरची एक भर. शेकाटे खूप दिसले की लोक खूश होतात, लांब लाल पायांचा देखणा पक्षी. पण सांडपाण्याच्या चिखलात त्याला भरपूर किडे मिळतात. म्हणून "पक्षी वाढले" असं लिहिताना कोणते वाढले ते लिहाच.

बारक्या
मी ॲपने पक्ष्यांचे आवाज ओळखतो, परवा आमच्या गच्चीवर मोठा घुबड आहे म्हणालं. खाली शेजारचे काका घोरत होते.

कंदीलपुष्प
बारक्या, हसून डोळ्यात पाणी आलं. पण टेकडीकर, ॲपच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नका, एवढं मात्र यातून घ्या.

आता हिशोबनीसांच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तो प्रश्न रास्त आहे. पर्यावरण पुनर्स्थापनेचं काम करणाऱ्यांची सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, त्यांनी २०१९ मध्ये सुधारलेली मानकं काढली. त्यात सहा बाजूंनी बघतात आणि प्रत्येकीला पाचपैकी तारे देतात. धोके थांबले का, माती-पाणी सुधारलं का, जी प्रजाती हवी ती आहे का, थर तयार झाले का म्हणजे गवत, झुडूप, मधलं झाड, उंच झाड, तिथलं कामकाज चालू झालं का म्हणजे फुलांवर कीटक, बी पडणं, पाचोळा कुजणं, आणि आजूबाजूच्या जंगलाशी येणं-जाणं आहे का. हे सगळं तुलनेत बघायचं, जवळपासच्या चांगल्या राहिलेल्या जागेशी. तुम्हाला बोरगड आहे की, राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ सालचं. किंवा एखादी देवराई. जगण्याची टक्केवारी यात कुठे येते? तिसऱ्या बाजूच्या एका कोपऱ्यात.

पण तुम्ही रविवारची माणसं, म्हणून मी सगळं सोडून एकच गोष्ट सांगेन. ज्याच्या बुडाशी आळं नाही ते रोप मोजा. म्हणजे तुम्ही न लावलेलं. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं करवंद, बोर, वाऱ्याने आलेली काटेसावर, कोणी पुरलं नाही तरी उगवलेला पळस. तुम्ही लावलेलं झाड जगलं यात तुमची मेहनत दिसते, आपोआप आलेलं रोप दिसलं की जागेची दिसते. १० मीटर बाय १० मीटरच्या चौकटी आखा, दोरी आणि चार खुंट्या, झाडांत चार, वरच्या सपाटीवर चार. आणि तेवढ्याच चौकटी शेजारच्या अशा उतारावर जिथे तुम्ही काहीच केलेलं नाही. ते विसरू नका, नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून सगळीकडेच हिरवं झालेलं तुम्ही स्वतःच्या नावावर लावाल.

खडू_फळा
यात माझी एक भर. आम्ही शाळेतल्या मुलांना घेऊन मातीचा एक प्रयोग करतो. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा दाबायचा, एक लिटर पाणी ओतायचं, मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. तुडवलेल्या कडक जमिनीवर पाणी तसंच राहतं, पाचोळ्याखाली बघता बघता गायब होतं. मुलं अक्षरशः ओरडतात. वहीत मिनिटं लिहायची, बस. मुलं दर वर्षी बदलतात पण वही तीच.

येवलेकर_माळरान
आणि त्या बाबांना सोबत न्या. त्यांच्या डोक्यात जी यादी आहे ती कुठल्याच कार्यालयात नाही.

टेकडीकर
मंडळी, उशिरा उत्तर देतोय पण रिकाम्या हाताने नाही आलो. परवाच्या रविवारी आम्ही अकरा जण आणि बाबा गेलो. जे बघितलं ते जसंच्या तसं सांगतो.

गिरिपुष्पाखाली चौकट आखली, आळं नसलेलं रोप जवळजवळ नाही. जे आहे ते गिरिपुष्पाचंच आणि कडेला घाणेरी. बेहडा-शिवणीच्या पट्ट्यात मात्र करवंदाची जाळी, दोन ठिकाणी पळस, एक उंबर दगडाच्या फटीत, आणि कसली तरी तीन रोपं जी आमच्यातल्या कोणालाच ओळखता आली नाहीत, फोटो काढलेत, कंदीलपुष्पताईंना पाठवतो. डब्याचा प्रयोगपण केला, झाडांत पाणी पटकन मुरलं, बाहेरच्या पायवाटेवर आमचा चहा पिऊन झाला तरी डब्यात पाणी होतं.

मग शेवटी नाल्यापलीकडच्या उतारावर गेलो, जिथे आम्ही आठ वर्षांत फावडं लावलेलं नाही. गवत गुडघ्यापर्यंत. बाबा पुढे चालत होते, एकदम थांबले, हात वर केला, आम्ही पण थांबलो. ऐका म्हणाले. आम्हाला काही वेगळं ऐकू आलं नाही. त्यांनी दोन पावलं टाकली आणि फर्रकन लाव्हऱ्या उडाल्या, चार का पाच, मोजायच्या आत पलीकडे. बाबा हसले आणि खाली बसले. आमच्यातली एक मुलगी रडायलाच लागली.

म्हणजे लाव्हऱ्या गेलेल्या नाहीत, आमच्या बाजूला त्यांना जागा उरली नाही. रात्री सगळ्यांनी बसून ठरवलं की वरच्या सपाटीवर यंदा एकही खड्डा घ्यायचा नाही, तिथली गिरिपुष्पं टप्प्याटप्प्याने काढायची आणि गवत येऊ द्यायचं. गुरं किती दिवस सोडायची ते पाड्यावर बसून त्यांच्याशी ठरवायचं. कंपनीला हेच लिहून पाठवलंय, दहातली सात हा आकडा पण दिलाय आणि त्याच्या खाली वरच्या सपाटीवर आमची चूक झाली हेही लिहिलंय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

हिशोबनीस
तुमच्या पत्रात चौकटींचे आकडे, डब्याची मिनिटं आणि शेजारच्या उताराशी तुलना हे तीन रकाने घालून मी एक पानाचा नमुना करून देतो. असा अहवाल माझ्या टेबलावर आला तर मी मनापासून पास करेन. तुम्ही म्हणाल तेव्हा फोन करा.

गोदाकाठ
बाबांचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. तारीख घाला. कोणत्या ओहोळाला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असायचं तेही विचारा.

कंदीलपुष्प
फोटो मिळाले. त्या तीनपैकी एक धावडा आहे! तुम्हाला नर्सरीत मिळत नव्हता ना, तो स्वतःच आला. बी कुठून आलं ते शोधा, वाऱ्याच्या दिशेला कुठेतरी मोठं झाड उभं असणार. बाकीची दोन पानं मोठी झाल्याशिवाय सांगत नाही.

टेकडीकर
धावडा!! पुढच्या रविवारी शोधतोच. सकाळी सहाला पाड्याच्या मारुतीपाशी जमतोय, उरलेल्या चौकटी आखायच्यात, ज्यांना यायचंय त्यांनी इथेच सांगा.

थापट्या
मी येतो. पाच ठिकाणं ठरवू, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं गप्प उभं राहून पक्षी लिहायचे. गप्पा नंतर.

खडू_फळा
आठवीच्या सहा मुली आणि मी. डबे आमच्याकडे आहेत, पाणी तुमच्याकडचं.

बारक्या
मी पण येतो. दोरी किती मीटर लागेल?

कंदीलपुष्प
एका चौकटीला चाळीस मीटर. गाठी माराव्या लागतात, पंचेचाळीस आण.